मन आणि मनुष्यबळ : एका जोडविषयाचा पूर्वेतिहास

विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकांतील काही विषयांच्या जोड्या इतक्या सरावाच्या झाल्या आहेत की त्या कोणी, कधी आणि कशासाठी जुळवल्या हा प्रश्नच कुणाच्या मनात येत नाही. मानसशास्त्र आणि मनुष्यबळ व्यवस्थापन ही अशीच एक जोडी. इंग्लंडमधील काही विद्यापीठांत या दोहोंची मिळून एकच पदवी घेता येते. आपल्याकडे मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात 'औद्योगिक आणि संघटनात्मक मानसशास्त्र' हा विषय वर्षानुवर्षे शिकवला जातो आणि मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेले अनेक विद्यार्थी पुढे मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे वळतात. वरवर पाहता हे सारे स्वाभाविकच वाटते. एक शास्त्र माणसाचे मन जाणून घेते, दुसरे माणसांकडून काम करवून घेते. पहिले ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडणार, यात नवल ते काय?

परंतु इतिहास चाळला की हे स्वाभाविकपण विरळ होत जाते. या जोडीचा जन्म एका घरात झालेला नाही. तिची एक शाखा जर्मन प्रयोगशाळेतून निघाली, दुसरी इंग्लंडमधील धर्मनिष्ठ कारखानदारांच्या परोपकारातून. एक माणसाला मोजत आली, दुसरी त्याची विचारपूस करीत आली. पुढे अमेरिकेत या दोहोंच्या संगमातून तिसरीच एक कला निर्माण झाली. ती म्हणजे ऐकण्याची कला. साहित्याच्या अभ्यासकाने या इतिहासाकडे वळून पाहावे ते या तिसऱ्या टप्प्यासाठी. कारण तेथे प्रश्न उभा राहतो तो आपल्या ओळखीचा आहे. एखादा माणूस बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा?

१

विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे १८७९ मध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली. त्यांचे शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग १८९२ मध्ये विल्यम जेम्स यांच्या निमंत्रणावरून हार्वर्डला गेले. मानसशास्त्र आणि अर्थजीवन यांचा संबंध जोडणारे त्यांचे जर्मन पुस्तक १९१२ मध्ये आणि त्याचे इंग्रजी रूप पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्यात तीन प्रश्न होते : कामासाठी सर्वांत योग्य माणूस कसा शोधावा, त्याच्याकडून सर्वांत चांगले काम कोणत्या परिस्थितीत होते, आणि ग्राहकाच्या मनावर सर्वांत चांगला परिणाम कसा साधावा. आजच्या औद्योगिक मानसशास्त्राची अनुक्रमणिका या तीन प्रश्नांत जवळजवळ संपूर्ण सामावलेली आहे.

म्युन्स्टरबर्ग यांनी ट्रॅमचालकांसाठी आणि टेलिफोन ऑपरेटर मुलींसाठी चाचण्या तयार केल्या. टेलिफोन ऑपरेटरांच्या चाचणीची हकीकत उद्बोधक आहे. कंपनीने नवशिक्या मुलींचा गट त्यांच्याकडे पाठवला. मात्र त्यांना न सांगता त्यात काही कसलेल्या, अनुभवी ऑपरेटरही मिसळून दिल्या. चाचणीत त्या अनुभवी मुली वरच्या क्रमांकावर आल्या आणि कंपनीचे समाधान झाले. म्हणजे परीक्षा मुलींची होती तशीच परीक्षकाचीही होती. चाचणी जे मोजण्याचा दावा करते ते खरोखर मोजते का, हा प्रश्न या विद्येच्या जन्मापासूनच तिच्या सोबतीला आहे. पुढे या प्रश्नाचे महत्त्व किती वाढले ते यथावकाश पाहू.

म्युन्स्टरबर्ग यांची भूमिका तटस्थ तंत्रज्ञाची होती. साध्य कोणते असावे हे मानसशास्त्राने सांगू नये. साध्य ठरले की त्याकडे जाणारी वाट तेवढी दाखवावी, असे त्यांचे म्हणणे. ही तटस्थता शास्त्राला शोभणारी खरीच. पण कारखान्यात साध्य ठरवणारा पक्ष एकच असेल, तर तटस्थ वाटाड्याची सेवा आपोआपच त्या पक्षाला रुजू होते.

पहिल्या महायुद्धाने चाचण्यांना प्रयोगशाळेबाहेर काढले. १९१७ पासून अमेरिकेच्या लष्कराने रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सतरा लाख जणांच्या बुद्धीची चाचणी घेतली. साक्षरांसाठी एक चाचणी, निरक्षरांसाठी दुसरी. त्याच वेळी वॉल्टर डिल स्कॉट हे मानसशास्त्रज्ञ सैनिकांचे कामानुसार वर्गीकरण करणारी यंत्रणा उभारत होते. युद्ध संपले आणि हेच तंत्र व हीच परिभाषा उद्योगांकडे गेली. लष्करातून आलेल्या या वारशात माणूस म्हणजे योग्य खणात बसवण्याची वस्तू होती.

या काळातील एक नाव मात्र थोडे वेगळे आहे. लिलियन गिलब्रेथ यांचे व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरील पुस्तक १९१४ मध्ये निघाले. मुखपृष्ठावर छापले होते केवळ 'एल. एम. गिलब्रेथ'. पुढच्या वर्षी त्यांना ब्राउन विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. हालचाली मोजून अनावश्यक श्रम टाळण्याचे काम त्या पतीसह करीत. पण ज्याच्या हालचाली मोजायच्या त्याचा थकवा आणि समाधान हेही हिशेबात धरले पाहिजे, हा आग्रह त्यांचा होता. आपल्या जोडविषयाचा पहिला सुसंबद्ध ग्रंथ स्त्रीने लिहिला, आणि तिचे स्त्रीत्व आद्याक्षरांआड गेले, याची नोंद करून पुढे जाऊ.

२

दुसरी शाखा यॉर्कची. तेथील राउंट्री घराण्याच्या कोको कारखान्यात १८९६ मध्ये मेरी वुड यांची नेमणूक झाली ती कामगार मुलींची विचारपूस करण्यासाठी. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी अडचण आहे, कामाच्या ठिकाणी मुलींना काय हवे-नको, हे पाहणे हे त्यांचे काम. राउंट्री आणि कॅडबरी ही क्वेकर पंथाची कुटुंबे. कामगाराच्या हिताची जबाबदारी धर्माने आपल्यावर टाकली आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. अशा कल्याण कार्यकर्त्यांची संघटना १९१३ मध्ये यॉर्क येथेच स्थापन झाली. आज ब्रिटनमध्ये मनुष्यबळ व्यवस्थापकांना व्यावसायिक मान्यता देणारी सनदी संस्था हीच तिची वारसदार आहे. एका मोठ्या व्यवसायाचा उगम आजारी मुलीच्या घरी दिलेल्या भेटीत आहे, ही गोष्ट त्या व्यवसायाच्या आजच्या रूपावरून सहसा ध्यानात येत नाही.

या शाखेला मानसशास्त्राची जोड मिळाली ती चार्ल्स मायर्स यांच्यामुळे. युद्धाच्या धक्क्याने मोडून पडलेल्या सैनिकांवर १९१५ मध्ये लिहिणारे हे केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९२१ मध्ये हेन्री वेल्च या उद्योजकासमवेत लंडनमध्ये औद्योगिक मानसशास्त्राची राष्ट्रीय संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठ सोडले. कामगाराला मागून रेटायचे नाही, त्याच्या वाटेतील अडथळे दूर करायचे, ही त्यांची दृष्टी. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील प्रदीर्घ पाळ्यांनी युद्धकाळात एवढे तरी दाखवून दिले होते की तास वाढवले म्हणून काम त्या प्रमाणात वाढत नाही.

तेव्हा मोजणारी शाखा आणि विचारपूस करणारी शाखा अशा दोन. दोघींत एक साम्य होते. कामगाराला काय हवे हे ठरवणारा कोणी तिसराच असे. पहिलीत तज्ज्ञ, दुसरीत दयाळू मालक.

३

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोग (१९२४–१९३२) कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतात. दिवे कमी-जास्त करून उत्पादन पाहिले. पुढे १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवले, मधल्या विश्रांतीच्या वेळा आणि कामाचे तास बदलत त्यांच्या उत्पादनाची नोंद ठेवली. उत्पादन वाढत गेले. निष्कर्ष निघाला : पगार व प्रकाश यांपेक्षा आपल्याकडे कोणी लक्ष देते ही भावना आणि गटातील आपुलकी महत्त्वाची. पाठ्यपुस्तके बहुधा येथे थांबतात. त्या मुलींपैकी दोघींना, त्या फार बोलतात आणि पुरेसे सहकार्य करीत नाहीत म्हणून, १९२८च्या आरंभी बदलण्यात आले होते, हा तपशील तळटीपेत जातो. अलेक्स केरी यांनी १९६७ मध्ये या निष्कर्षांवर कठोर टीका केली. आणि दिव्यांच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी तपासून लेव्हिट व लिस्ट यांनी २०११ मध्ये दाखवले की तो प्रसिद्ध परिणाम त्या आकड्यांत सांगितला जातो तितका ठळक दिसत नाही.

पण आपल्या दृष्टीने हॉथॉर्नचे खरे महत्त्व वेगळ्याच उपक्रमात आहे. १९२८ ते १९३० या काळात तेथे वीस हजारांहून अधिक मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी ठरावीक प्रश्न विचारत. मग ध्यानात आले की माणसे प्रश्न सोडून भलतीकडेच बोलतात. तेव्हा पद्धत बदलली. वाद घालू नये, सल्ला देऊ नये, बोलू द्यावे, आणि जे बोलले जात नाही त्याकडेही कान द्यावा. एल्टन मेयो यांना मनोविकारचिकित्सेची ओढ होती आणि या नियमांवर तिची छाप स्पष्ट आहे. हजारो माणसांना आयुष्यात कोणी इतक्या शांतपणे ऐकून घेतले नव्हते, हेही खरे. बोलून आपल्याला बरे वाटले असे अनेक कामगार म्हणत.

या मुलाखतींवर आधारलेला रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांचा ग्रंथ १९३९ मध्ये आला. त्यात एका कामगाराचे उदाहरण आहे. त्याची तक्रार अशी की कामाचा दर फार कमी आहे. मुलाखतीत पुढे निघाले की त्याची पत्नी इस्पितळात आहे आणि डॉक्टरांच्या बिलांची त्याला चिंता आहे. लेखक निदान करतात : तक्रारीचा वरवरचा आशय दराचा, सुप्त आशय घरच्या अडचणीचा. स्वप्नाच्या अर्थनिर्णयासाठी फ्रॉइड यांनी योजलेली ही जोडी येथे वेतनाच्या तक्रारीला लावलेली आहे.

हर्बर्ट मार्क्यूज यांनी १९६४ मध्ये नेमके या उदाहरणावर बोट ठेवले. 'दर कमी आहे' हे विधान त्या एकट्या कामगाराचे नाही; ते त्याच्यासारख्या सर्वांविषयीचे, म्हणून सार्वजनिक विधान आहे. पत्नीच्या आजारपणाचा तपशील मिळताच ते एका व्यक्तीची खाजगी कहाणी होते आणि कहाणीवर उपाय सापडतो : थोडी सहानुभूती, थोडी सवलत. दर मात्र आहे तेथेच राहतो. वस्तुतः पत्नी आजारी पडली असता जो दर पुरत नाही तो कमीच असतो. दोन विधानांत विरोध नाही, दुसरे हे पहिल्याचे प्रमाण आहे. परंतु वाचणाऱ्याने दुसऱ्याला पहिल्याचा 'खरा अर्थ' ठरवले आणि पहिले पुसून टाकले.

साहित्याच्या वर्गात आपण हेच कौशल्य शिकवतो. पृष्ठभागाखालचा अर्थ शोधा, न बोललेले वाचा. ते कौशल्य सत्तेच्या हाती गेले की काय होते याचे इतके नेमके उदाहरण समीक्षेच्या पुस्तकातही मिळणार नाही. हॉथॉर्नमध्ये पुढे समुपदेशकच नेमले गेले आणि ती योजना १९३६ ते १९५६ अशी वीस वर्षे चालली. कामगाराचे ऐकून घेणारा मनुष्य पगारी झाला. पगार कोण देते हा प्रश्न उरलाच.

४

हा इतिहास भारतात दोन वाटांनी आला. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता हे हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्याच हाताखाली शिकलेले. १९३८ मध्ये तेथे उपयोजित मानसशास्त्राची शाखा निघाली. लाइपझिग–हार्वर्ड–कलकत्ता अशी ही प्रयोगशाळेची वाट.

दुसरी वाट मुंबईतील गिरण्यांच्या फाटकावरून जाते. तेथे माणसे नेमण्याचे काम होते जॉबरचे. तोच गावाकडून माणूस आणी, तोच नोकरी देई, तोच दस्तुरी घेई आणि तोच काढून टाकी. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१च्या अहवालात या पद्धतीवर ताशेरे ओढले आणि भरतीचे अधिकार जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावेत, अशी शिफारस केली. म्हणजे आपल्याकडचा मनुष्यबळ अधिकारी मूलतः जॉबरच्या जागी आला. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने मुंबईत १९३६ मध्ये निघालेली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा, म्हणजे १९४४ पासूनची टाटा समाजविज्ञान संस्था, असे अधिकारी तयार करू लागली. मुंबई सरकारची श्रमविषयक शिक्षणसंस्था १९४७ची, जमशेदपूरची झेवियर संस्था १९४९ची. या संस्थांच्या मूळ नावांत किंवा अभ्यासक्रमांत शब्द होता 'श्रम'. १९४८च्या कारखाने कायद्याने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. आणि काही राज्यांच्या नियमांत त्याने कामगाराविरुद्ध मालकाच्या बाजूने उभे राहू नये अशीही तरतूद होती. पगार मालकाचा, निष्ठा मात्र वाटून घेतलेली, हा पेच कायद्याने ओळखला होता एवढे तरी म्हणता येते.

दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या अहमदाबादला. तेथील वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत, म्हणजे 'अटिरा'त, कमला चौधरी मानसशास्त्र विभाग सांभाळीत होत्या. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस कॅलिको गिरण्यांत आले. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतके वाढत नव्हते. राइस यांनी कामगारांच्या मनात दोष शोधला नाही. कामाच्या रचनेत शोधला. प्रत्येकाला कामाचा तुकडा दिलेला, कोणाचा कोणाशी मेळ नाही. ठरावीक मागांची जबाबदारी एका छोट्या गटावर सोपवावी, ही कल्पना पुढे येताच कामगारांनी आपले गट आपणच जुळवले. सर्व विभागांत ही पद्धत पुढे टिकली नाही, हे एरिक मिलर यांच्या १९७५ मधील लेखनावरून कळते. तरीही या प्रयोगात मानसशास्त्राचा रोख माणसाला दुरुस्त करण्याकडून काम दुरुस्त करण्याकडे वळला, हे त्याचे मोल.

मात्र मुंबईपुरते पाहिले तर या दोन वाटांच्याही आधीची एक तिसरी वाट होती आणि ती अभ्यासक्रमात क्वचितच येते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार जणांच्या सहमतीने मागण्या मांडल्या. दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघाताची भरपाई. १८९०च्या एप्रिलमधील प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली आणि त्याच वर्षी रविवारची सुटी मान्य झाली. मधल्या विश्रांतीचे महत्त्व हॉथॉर्नच्या खोलीत १९२७ मध्ये 'आढळून आले'. ते मुंबईच्या कामगारांनी त्रेचाळीस वर्षे आधी लिहून दिले होते. त्यांच्या म्हणण्याला सुप्त आशय नव्हता. जे हवे होते तेच लिहिले होते.

५

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शब्द बदलत गेले. 'कल्याण' गेले, 'कर्मचारी व्यवस्थापन' आले. तेही मागे पडून 'ह्यूमन रिसोर्स' आले. हार्वर्डने १९८१ मध्ये या नावाचा अभ्यासक्रम सुरू केला, १९८४ मध्ये त्या विषयाचे पायाभूत ग्रंथ निघाले, आणि अमेरिकेतील व्यावसायिकांच्या संघटनेने १९८९ मध्ये नाव बदलले. आपल्याकडे उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टूब्रोसाठी १९७०च्या दशकाच्या मध्यास मनुष्यबळ विकासाची रचना आखली. दोघेही मानसशास्त्राचे अभ्यासक, आणि 'विकास' या शब्दावर त्यांचा खराखुरा विश्वास होता. १९८५ मध्ये केंद्र सरकारने शिक्षण खात्यालाच हे नाव दिले. ते २०२० पर्यंत राहिले.

हिंदीने यासाठी 'मानव संसाधन' हा शब्द स्वीकारला, मराठीने बहुधा 'मनुष्यबळ'. संसाधन खाणीतून काढले जाते. बळ मात्र ज्याचे त्याच्यापाशी असते. मराठी शब्दात अनवधानाने का होईना, एक आठवण शिल्लक राहिली आहे असे म्हणावेसे वाटते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीचे राहिले नाही. कामगारांचे सामुदायिक बळ ओसरले त्याच दशकात व्यक्तीची प्रेरणा, व्यक्तीची निष्ठा, व्यक्तीचे मूल्यमापन यांची परिभाषा बहरली, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

मग हे दोन विषय एकत्र शिकूच नयेत काय? निष्कर्ष उलट आहे. १९६५ मध्ये अमेरिकेत नोकरीतील वर्णभेदाला बंदी करणारा कायदा ज्या दिवशी लागू झाला त्याच दिवशी नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक पॉवर कंपनीने चांगल्या जागांसाठी बुद्धिचाचण्यांची अट घातली. कृष्णवर्णीय कामगार तोवर केवळ मजुरीच्या विभागात ठेवलेले होते. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : ज्या चाचणीचा त्या कामाशी संबंध सिद्ध होत नाही आणि जी विशिष्ट समाजाला वगळते, ती हेतू काहीही असला तरी चालणार नाही. म्युन्स्टरबर्ग यांच्या टेलिफोन कंपनीने चोरून विचारलेला प्रश्नच न्यायालयाने उघडपणे विचारला होता. ही चाचणी जे मोजते म्हणते ते मोजते काय? हा प्रश्न विचारण्याची क्षमता ज्याला चाचण्या कशा बनतात आणि त्या कोठे वापरल्या जातात, ही दोन्ही माहिती आहे, त्यालाच येते. नुसत्या व्यवस्थापनाच्या पदवीधराला चाचणी हे तयार हत्यार वाटेल, नुसत्या मानसशास्त्रज्ञाला कारखान्याचा कागद दिसणारच नाही.

तेव्हा प्रश्न जोडीचा नाही, त्यात काय गाळले जाते याचा आहे. मोजण्याचा इतिहास शिकवला जातो, ऐकण्याचाही शिकवला जातो. त्यांच्या शेजारी १८८४चा तो मागण्यांचा कागदही ठेवायला हवा. ज्या विद्यार्थ्याने तो वाचला आहे, तो उद्या एखाद्या कंपनीत मुलाखतीच्या टेबलामागे बसेल आणि समोरची व्यक्ती म्हणेल, 'पगार पुरत नाही.' तिच्या घरची अडचण त्याने जरूर विचारावी, मन लावून ऐकावी. फक्त टिपण लिहिताना पहिले वाक्य तिने म्हटले तसेच लिहावे. नारायण सुर्वे यांनी १९६६ मध्ये आपल्या कवितासंग्रहाला 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले. ज्यांना ज्ञानाचा विषय समजले जाते तेही जाणते असतात, याची आठवण त्या नावात आहे. मन आणि मनुष्यबळ एकत्र शिकवणाऱ्या कोणत्याही विद्यापीठाने तेवढे ध्यानात ठेवले, तरी त्या पदवीचे सार्थक होईल.